अंत्यविधीचा खर्च: मृतांचा मान आणि जिवंतांचें ओझें

जन्म आणि मरण या दोन गोष्टी सर्व मनुष्यांना सारख्याच आहेत. राजा असो वा रंक असो, दोघांचाही शेवट साडेतीन हात जमिनींत किंवा सरणाच्या लाकडांवर व्हावयाचा, हें आपण नित्य बोलतों. परंतु बोलण्यांत जी समता आहे ती आचरणांत दिसत नाहीं. श्रीमंताच्या घरीं मरण आलें तर दुःख येतें. गरिबाच्या घरीं मरण आलें तर दुःखाबरोबर कर्जही येतें. दुःख काळानें ओसरतें, पण कर्ज काळानें वाढत जातें.

शाळेच्या वार्षिकांत असा अमंगळ विषय कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, या खर्चाची शेवटची किंमत पुष्कळदां शाळेंत जाणाऱ्या मुलालाच द्यावी लागते. बाप वारल्यावर ज्या घरीं तेराव्याच्या पंगती थाटानें उठतात, त्याच घरचा मुलगा पुढील जून महिन्यांत वह्यापुस्तकें व गणवेश यांवांचून घरीं बसतो, किंवा एखाद्या दुकानांत कामाला लागतो. मुलगी असेल तर तिचें नांव त्याहूनही लवकर कमी होतें. शिक्षक या नात्यानें हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. म्हणून विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं या प्रश्नाचा शांतपणें विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

प्रथम हा खर्च होतो तरी कशाचा, तें पाहूं. तिरडीचे बांबू, कोरें कापड, मडकें, लाकडें अथवा गोवऱ्या, ह्या वस्तूंवांचून भागत नाहीं. ज्या समाजांत दफनाची चाल आहे तेथें खड्डा खणण्याची मजुरी आणि कफन किंवा साधी पेटी एवढ्यावर काम होतें. येथवरचा खर्च अपरिहार्य आहे, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मदतीनें तो कसाबसा निभावतोही. खरा खर्च प्रेत घराबाहेर गेल्यानंतर सुरू होतो. दहाव्या दिवशीं नदीकांठीं मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक व प्रवचनकार, तेराव्या दिवशीं गोडाचें जेवण, आचारी, पत्रावळी, आल्यागेल्या सोयऱ्यांना टॉवेल-टोपी व साड्या, चौकाचौकांत मृताच्या छायाचित्राचे मोठमोठे फलक, वर्तमानपत्रांत जाहिरात, आणि वर्षश्राद्धाला पुन्हा तोच थाट. आमच्या ख्रिस्ती बांधवांनींही आपण यांतून मोकळे आहों असें समजूं नये. चकचकीत पेटी, तिला पितळी कड्या, पुष्पचक्रें, भाड्याच्या गाड्या, स्मरणविधीनंतरचें भोजन आणि शेवटीं कबरीवर संगमरवरी दगड, अशी ही मालिका तेथेंही लांबत चालली आहे. उपासना वेगळी असली तरी ‘लोक काय म्हणतील’ हें एक दैवत आम्हां सर्वांच्या देव्हाऱ्यांत समान आहे, असें खेदानें म्हणावें लागतें.

यांत एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. आपल्या खेड्यापाड्यांतील जुनी चाल अशी कीं, ज्या घरीं मृत्यू झाला त्या घरीं त्या दिवशीं चूल पेटत नाहीं. शेजारी आपल्या घरून पिठलें-भाकरी आणतात आणि त्या माणसांना बळेंच दोन घास खावयास लावतात. कित्येक ठिकाणीं याला कडू घास असें म्हणतात. खांदा देण्याची कोणी मजुरी मागत नाहीं. सरण रचावयास बोलावणें धाडावें लागत नाहीं. भांडण असलेला भाऊबंदही त्या दिवशीं दारीं येतो. किती थोर चाल ही! परंतु पुढें बारा दिवसांत सगळें उलटें होतें. पहिल्या दिवशीं गांव त्या घराला जेवूं घालतो, आणि तेराव्या दिवशीं तेंच घर गांवाला जेवूं घालतें. पहिल्या दिवशीं जें घर मदतीला पात्र होतें, तें बारा दिवसांत यजमान होण्याइतकें सधन कोठून झालें? घरांतला कमावता हात तर गेलेलाच असतो.

हा रोग आपल्याच देशाचा आहे असें मात्र नव्हे. इंग्लंडांत एडविन चॅडविक या गृहस्थानें इ. स. १८४३ मध्यें शहरांतील दफनाच्या पद्धतीवर एक अहवाल लिहिला. त्यांतील हकीकत वाचून मन विषण्ण होतें. एकाच खोलींत राहणारीं गरीब कुटुंबें अंत्ययात्रेला लागणारी रक्कम जमेपर्यंत प्रेत त्याच खोलींत कित्येक दिवस ठेवून देत. मुलेंबाळें तेथेंच जेवत व तेथेंच निजत, आणि एका मरणाच्या मागोमाग रोगानें दुसरें मरण येई. त्या वेळच्या सरदार-दरकदारांच्या घरीं काळे झगे, काळे घोडे व पिसांचे तुरे यांनीं अंत्ययात्रा सजवीत, आणि तिचीच नक्कल गिरणींतला मजूर पोट मारून करी. वरच्यानें थाट करावा व खालच्यानें तो कर्ज काढून उचलावा, हा क्रम तेथेंही होता व येथेंही आहे.

आपल्या महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर कर्जाची कथा फार जुनी आहे. इ. स. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध दंगा केला, आणि तो पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. दंगेखोरांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांच्या कागदांवर होता. त्या दंग्याची चौकशी करणाऱ्या मंडळानें एक गोष्ट स्पष्ट केली, आणि ती आम्हांस न्यायाची वाटते. शेतकरी केवळ लग्नकार्यें व समारंभ यांच्या खर्चानें बुडाला, असें म्हणणें अतिशयोक्तीचें आहे. सारा, नापिकी व व्याज हीं मोठीं कारणें आहेत. तथापि समारंभाचा खर्च हें खर्चाच्या बाजूचें एक महत्त्वाचें कलम आहे, असा त्या मंडळाचा अभिप्राय होता. आमचेंही म्हणणें एवढेंच आहे. गरिबीचें खापर आम्ही गरिबाच्या तेराव्यावर फोडूं इच्छीत नाहीं. परंतु दुष्काळ टाळणें त्याच्या हातीं नाहीं, आणि तेरावा आटोपता घेणें त्याच्या व त्याच्या गांवाच्या हातीं आहे.

विद्यार्थ्यांनीं येथें आपलें अंकगणित उपयोगांत आणावें. समजा, एका घरानें दिवसकार्यासाठीं शेंकडा दरमहा तीन रुपये व्याजानें पन्नास हजार रुपये उचलले. दरमहा व्याज दीड हजार रुपये झालें. वर्षाचें अठरा हजार. तीन वर्षांचें चोपन्न हजार. म्हणजे तीन वर्षांत व्याजच मुद्दलाहून अधिक झालें, आणि मुद्दल जसेंच्या तसें डोक्यावर राहिलें. पंगत एका दुपारीं उठली. तिचें ऋण फेडतां फेडतां आठवींतल्या मुलाचें मॅट्रिकचें वय निघून गेलें.

या बाबतींत आपल्या प्रांतांतल्या विचारवंतांनीं डोळे मिटले होते असें नाहीं. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले जोतीराव फुले यांनीं इ. स. १८७३ मध्यें सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि जन्मापासून मरणापर्यंतचे विधि भटाभिक्षुकांवांचून व थोडक्या खर्चांत करण्याचा मार्ग लोकांपुढें ठेवला. ‘शेतकऱ्याचा असूड’ या त्यांच्या ग्रंथांत शेतकऱ्याच्या घरचें प्रत्येक कार्य, मरणसुद्धां, त्याच्या लुटीचें निमित्त कसें होतें, याचें वर्णन आहे. सुधारककर्ते गोपाळ गणेश आगरकर इ. स. १८९५ च्या जून महिन्यांत वारले, तेव्हां आपल्या अंत्यविधीला लागणारी रक्कम त्यांनीं पुरचुंडींत बांधून उशाशीं ठेवलेली होती, असें सांगतात. आपल्या मरणाचा भार कोणावर पडूं नये, ही केवढी जाणीव! गाडगे महाराज तर हातांत खराटा घेऊन गांवोगांव हिंडले, आणि ऋण काढून सण व जेवणावळी करूं नका, तो पैसा मुलांच्या शिक्षणाला लावा, हें त्यांनीं कीर्तनाकीर्तनांतून लोकांच्या मनांवर ठसविलें. ते इ. स. १९५६ मध्यें निवर्तले. त्यांच्या नांवाचा जयघोष आपण करतों. त्यांच्या उपदेशाचें काय करतों, हें ज्याचें त्यानें पाहावें.

आतां या विचारावर जे आक्षेप घेतले जातात त्यांकडे वळूं. पहिला आक्षेप धर्माचा. थोडक्यांत केलें तर मृताला गति मिळणार नाहीं, असें भय पुष्कळांना वाटतें. परंतु श्राद्ध या शब्दांतच श्रद्धा आहे, द्रव्य नाहीं. ज्याच्यापाशीं कांहींच नाहीं त्यानें रानांत जाऊन दोन्ही हात वर करावे आणि आपल्यापाशीं धन नाहीं, भक्ति मात्र आहे, असें पितरांस सांगावें, म्हणजे ते तृप्त होतात, असें विष्णुपुराणांत सांगितलें आहे. मुसलमान बांधवांत श्रीमंत व गरीब या दोघांनाही साधें पांढरें कफनच मिळतें. कोणत्याही धर्मानें विधवेच्या अंगावरचे दागिने गहाण ठेवावयास सांगितलेलें आम्हांस माहीत नाहीं. तें रूढि सांगते, आणि धर्माचें नांव घेऊन सांगते.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. प्रेमाला हिशेब लावूं नये, असें कोणी म्हणतात, आणि ख्रिस्ती वाचक बेथानी गांवच्या त्या स्त्रीचें उदाहरण देतील. तिनें तीनशें दिनार किंमतीचें, म्हणजे मजुराच्या सुमारें वर्षभराच्या कमाईइतकें, सुगंधी तेल प्रभूला लावलें. हे पैसे गरिबांना कां दिले नाहींत, असें जवळचे लोक कुरकुरले, तेव्हां प्रभूनें तिचीच बाजू घेतली आणि तें आपल्या उत्तरकार्यासाठीं आहे असें सांगितलें. ही गोष्ट आम्हांसही प्रिय आहे. परंतु ती नीट वाचावी. तिनें जें ओतलें तें तिच्यापाशीं होतें. सावकाराकडून आणलेलें नव्हतें. आणि तिनें तें प्रभु जिवंत असतांना ओतलें; त्याला त्याचा सुगंध घेतां आला. आपल्याकडे पुष्कळ घरीं याच्या उलट घडतें. म्हातारा बाप खाटेवर असतांना त्याच्या औषधाला, चष्म्याला किंवा पावशेर दुधाला पैसे नसतात, आणि तो गेल्यावर त्याच्या नांवानें पांचशें पानें उठतात. प्रेम उधळावयाचेंच असेल तर तें जिवंतपणीं उधळावें, असें आम्ही म्हणतों.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलून दाखवीत नाहीं, पण सर्वांत बळकट तोच आहे. आम्हीं साधेपणानें केलें तर लोक आम्हांला कद्रू म्हणतील, किंवा बापावर यांचें प्रेमच नव्हतें म्हणतील, ही ती भीति. ही भीति खोटी नाहीं. लोक असें म्हणतात. म्हणूनच ज्याच्या घरीं आजच मृत्यू झाला आहे त्यानें एकट्यानें रूढि मोडावी, असें सांगणें निर्दयपणाचें होईल. त्या घडीला मनुष्य विचार करण्याच्या स्थितींत नसतो. कोणी तरी वडीलधारा सोयरा येऊन ‘हें झालेंच पाहिजे’ म्हणतो, आणि डोळे पुसत पुसत मनुष्य मान डोलावतो.

मग आरंभ कोणीं करावा? या प्रश्नाचें उत्तर यहुदी लोकांच्या एका जुन्या कथेंत आहे. यरुशलेमचें मंदिर इ. स. ७० मध्यें पडलें, त्यानंतरच्या पिढींत त्या लोकांत अंत्यविधीचा खर्च इतका बोकाळला कीं, कित्येकांना मृत्यूपेक्षां तोच अधिक जड वाटे, आणि आप्त लोक प्रेत टाकून पळून जात. तेव्हां रब्बान गमलिएल या त्यांच्या पुढाऱ्यानें, आपणांस साध्या तागाच्या वस्त्रांतच पुरावें, अशी आज्ञा करून ठेवली. तो मोठ्या कुळांतला व सर्वांना पूज्य होता. त्याला साध्या वस्त्रांत पुरलेला पाहिल्यावर गरिबाला साध्या वस्त्राची लाज उरली नाहीं. त्याच्यामागून सर्व लोकांनीं तोच परिपाठ ठेवला. यहुदी लोकांत प्रेत साध्या पांढऱ्या वस्त्रांत गुंडाळण्याची चाल आजही आहे, आणि आपल्या कोंकणांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेल्या बेने इस्रायल लोकांतही ती आहे. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली इ. स. १७९१ मध्यें वारला. त्यानेंही मृत्युपत्रांत लिहून ठेवलें होतें कीं, आपल्या प्रेताला गाडी नको, शोभा नको. सहा गरीब माणसांनीं तें वाहून न्यावें, व प्रत्येकास एकेक पौंड द्यावा. ज्याला थाट परवडतो त्यानें थाट सोडावा, तेव्हां ज्याला परवडत नाहीं त्याची सुटका होते. या सर्व विवेचनांतील मुख्य मुद्दा हाच आहे. गांवचा पाटील, सरपंच, डॉक्टर, वकील, मास्तर, पाळक आणि सधन शेतकरी यांच्या घरचें कार्य साधें झालें, तर मजुराच्या घरच्या साध्या कार्याला कोणी नांवें ठेवणार नाहीं.

कायद्यानें हें होणार नाहीं काय, असें कोणी विचारतात. राजस्थानांत इ. स. १९६० मध्यें मृत्युभोजाविरुद्ध कायदा झाला. शंभरांहून अधिक माणसांना असें जेवण घालणें त्यानें गुन्हा ठरविलें असून एक वर्षापर्यंत कैद व एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. तरीही तेथील खेड्यांतून ही चाल नाहींशी झाली नाहीं. आपल्या राज्यांत सामाजिक बहिष्काराविरुद्ध इ. स. २०१६ चा कायदा आहे. रूढि मोडली म्हणून एखाद्या घराला वाळींत टाकणाऱ्या पंचांना त्याचा धाक असावा, हें योग्यच आहे. परंतु कायदा बहिष्कार रोखूं शकेल. कुजबूज रोखूं शकणार नाहीं. सरकारी मदतही मर्यादितच असते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील १८ ते ५९ वर्षें वयाचा कर्ता मनुष्य वारल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेखालीं वीस हजार रुपये एकवार मिळतात. ही रक्कम विधवेला शिलाईयंत्र घेण्यास किंवा मुलांचें एक वर्ष निभावण्यास उपयोगी पडावी, अशी अपेक्षा. ती एका पंगतींत संपली तर सरकारनें दिलें आणि समाजानें खाल्लें, असेंच म्हणावें लागेल.

समाजानें मनावर घेतलें तर काय होतें, याचें एक उत्तम उदाहरण कोल्हापुरांत आहे. तेथें पंचगंगेच्या कांठच्या स्मशानभूमींत महानगरपालिका दहनाची सोय विनामूल्य करते. हें काम केवळ कराच्या पैशावर चालत नाहीं. होळीच्या सुमारास ‘होळी लहान करा, शेणी दान करा’ असें आवाहन होतें, आणि पेठापेठांतील मंडळें व घरोघरचे लोक शेणींच्या गाड्या भरून स्मशानांत पोंचवितात. पेटवावयाच्या शेणींतून थोड्या वांचवाव्या व परक्या घरच्या मृताला द्याव्या, यांत कोणाचा धर्म बुडाला नाहीं. उलट एका गरिबाची लाज राखली गेली. मोठ्या शहरांतून विद्युत्‌दाहिन्या आहेत. सरणाला सुमारें तीनशें किलो लाकूड लागतें. दाहिनींत तें वांचतें व खर्चही कमी येतो. ज्यांना तें पटतें त्यांनीं संकोच धरूं नये.

आतां आपण प्रत्यक्ष काय करावें, याविषयीं चार सूचना करतों. एक, घरांतल्या वडील माणसांनीं आपली इच्छा जिवंतपणींच, शांत चित्तानें, चार माणसांसमक्ष सांगावी व शक्य तर लिहून ठेवावी. ‘माझ्यामागें कर्ज काढूं नका’ हें एक वाक्य बापानें लिहून ठेवलें तर मुलाला लोकांपुढें ढालीसारखें उपयोगी पडेल. दोन, गल्लीनें, वाडीनें किंवा मंडळीनें मयतफंड ठेवावा. दरमहा थोडी वर्गणी जमली तरी कापड, लाकूड, पेटी व गाडी यांचा खर्च ज्याच्या त्याच्यावर पडत नाहीं. तीन, तेराव्याचें जेवण घरच्या माणसांपुरतें व परगांवाहून आलेल्या पाहुण्यांपुरतें असावें, आणि आहेराची देवघेव गांवानें ठराव करून बंद करावी. चार, मृताच्या नांवानें कांहीं करावयाचेंच असेल तर एखाद्या गरीब मुलाची वह्यापुस्तकें, वाचनालयाला ग्रंथ किंवा दारीं एक झाड, असें कांहीं करावें. मात्र त्याचाही फलक लावून मिरवूं नये, नाहीं तर एका थाटाच्या जागीं दुसरा थाट उभा राहील.

पालकहो, मृत्यूविषयीं बोलणें आपण अशुभ मानतों, आणि न बोलल्यामुळें आपल्या मागें राहणाऱ्यांना दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहावें लागतें. घरांत सर्व कुशल असतांना, एखाद्या संध्याकाळीं, हा विषय एकदां काढावा.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या हातीं पैसा नाहीं, तरी करण्यासारखें पुष्कळ आहे. सोबत्याच्या घरीं असा प्रसंग आला तर तेथें जा. पाणी भरा, निरोप पोंचवा, लहान भावंडांना सांभाळा. तो शाळेंत येत नाहीं त्या दिवसांचा अभ्यास त्याच्यासाठीं उतरून ठेवा. तेराव्याच्या पंगतीचें आमंत्रण आलें तर घरच्या वडिलांना अदबीनें सांगा कीं, आपण भेटीला जाऊं, पण जेवावयास बसूं नये. आज ज्याच्या घरचें पान तुम्हीं नाकारलें, त्याचा मुलगा उद्यां तुमच्याच बांकावर बसलेला दिसेल.